वाचकांचे प्रश्न : शाळेतले मूल आणि आपली जबाबदारी

जून महिन्यात शाळा उघडल्या की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा नूर बदलतो. गुडघेदुखी आणि पथ्यपाणी मागे पडते आणि दप्तर, व्हॅन, शाळेतले जेवण, स्वच्छतागृह यांविषयीची पत्रे वाढतात. शालेय आरोग्य तपासणीच्या कामात बरीच वर्षे घालवल्यामुळे या पत्रांतील बहुतेक अडचणी मला ओळखीच्या वाटतात. काही मात्र नव्या आहेत, आणि त्यांची उत्तरे थोडी विस्ताराने देणे भाग आहे. पत्रलेखकांची नावे नेहमीप्रमाणे दिलेली नाहीत.

प्रश्न : माझी मुलगी शिशुवर्गात आहे. बदलापूरच्या घटनेनंतर तिच्या शाळेने सर्वत्र कॅमेरे बसवले आणि पालकसभेत ‘आता काळजीचे कारण उरलेले नाही’ असे सांगितले. कॅमेरे पुरेसे आहेत का? अधिक खोलात विचारले तर त्याचा राग मुलीवर निघेल, अशीही भीती वाटते. (एक आई, कल्याण)

उत्तर : कॅमेरे पुरेसे नाहीत. कॅमेरा जे घडले ते नंतर दाखवतो; घडत असताना थांबवायला माणूसच लागतो. शिवाय ज्या ठिकाणी लहान मुलांना सर्वाधिक धोका असतो त्या स्वच्छतागृहात कॅमेरा नसतो आणि नसलाच पाहिजे. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत दोन चिमुकल्या मुलींवर अत्याचार झाल्याचे उघडकीस आले, तेव्हा आरोपी हा शाळेतला कंत्राटी सफाई कर्मचारी होता, आणि पंधरा दिवसांचे चित्रण गहाळ असल्याचे तत्कालीन शालेय शिक्षणमंत्र्यांनीच सांगितले होते. म्हणून शाळेने कॅमेरे बसवल्याचे सांगितले की पुढचे प्रश्न विचारावेत : चित्रण किती दिवस साठवले जाते, ते कोण पाहते, आणि मागच्या आठवड्यातील एखाद्या दिवसाचे चित्रण काढून पाहण्याचा प्रयोग कोणी केला आहे का? बंद पडलेला कॅमेरा भिंतीवर चालू कॅमेऱ्याइतकाच रुबाबदार दिसतो.

त्या घटनेनंतर राज्य शासनाने २१ ऑगस्ट २०२४ रोजी जो निर्णय काढला, त्यात कॅमेऱ्यांबरोबरच कर्मचाऱ्यांची पूर्वपार्श्वभूमी तपासणे, तक्रारपेटी, मुला-मुलींच्या सुरक्षिततेसाठी शाळेत नेमायची ‘सखी सावित्री’ समिती आणि लहान वर्गांसाठी प्राधान्याने महिला कर्मचारी नेमणे या गोष्टीही आहेत. त्यांपैकी शाळा कॅमेऱ्यांचीच गोष्ट आवर्जून सांगते, कारण ती विकत घेता येते. चारित्र्य पडताळणीच्या बाबतीत मुख्य पळवाट कंत्राटदाराची असते. सफाईला, पहाऱ्याला किंवा गाडीवर आज एक माणूस येतो, तो गावी गेला की कंत्राटदार दुसरा पाठवतो, आणि पडताळणीचा कागद मात्र पहिल्याच्याच नावाचा राहतो. बदली माणूस आला तर त्याला पडताळणीशिवाय आवारात घेतले जाते का, हा प्रश्न सभेत जरूर विचारावा.

आपल्या मुलीच्या वयाच्या दृष्टीने मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट अगदी साधी आहे. वर्ग चालू असताना तिला लघवीला जायचे झाले तर तिच्यासोबत कोण जाते? त्या बाईंचे नाव आपल्याला आणि मुलीला माहीत असावे. त्या रजेवर असतील त्या दिवशी कोण जाईल, हेही ठरलेले असावे. मुलींच्या स्वच्छतागृहाची सफाई शाळा भरण्यापूर्वी किंवा सुटल्यानंतर व्हावी, आणि शाळेच्या वेळेत करावीच लागली तर ती महिला कर्मचाऱ्यानेच करावी. याला पैसा लागत नाही, वेळापत्रक लागते.

कायद्याची बाजूही माहीत असू द्या. बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणाऱ्या २०१२ च्या कायद्याच्या म्हणजे पोक्सोच्या कलम १९ नुसार असा प्रकार घडल्याचे कळलेल्या किंवा घडण्याची शक्यता जाणवलेल्या प्रत्येकाने पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. न कळवल्यास कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंतच्या कैदेची शिक्षा आहे आणि संस्थेच्या प्रमुखाने आपल्या हाताखालच्या माणसाबाबत तसे केल्यास ती एक वर्षापर्यंत जाते. त्यामुळे ‘आधी आमची अंतर्गत चौकशी होऊ द्या, मग पाहू’ हे वाक्य कोणत्याही मुख्याध्यापकांनी उच्चारू नये आणि पालकांनी ऐकून घेऊ नये. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला सोयीच्या ठिकाणी, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता आणि मुलाचा विश्वास असलेल्या व्यक्तीच्या उपस्थितीत घ्यायचा असतो. मुलाला रात्री पोलीस ठाण्यात थांबवून ठेवता येत नाही. मुलीची वैद्यकीय तपासणी महिला डॉक्टरांनीच करायची असते आणि गुन्हा नोंदवला गेला नसला तरी ती करता येते. १०९८ हा बालकांसाठीचा मदत क्रमांक आणि ११२ हा आपत्कालीन क्रमांक घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला पाठ असावा.

लहान मूल असे काही सांगते तेव्हा ते क्वचितच मोठ्यांच्या भाषेत सांगते. ‘तिथे दुखते’, ‘ते दादा नकोत’, ‘मला शाळेत शू करायची नाही’ अशा तुटक वाक्यांतच ते येते. अशा वेळी उलटतपासणी करू नये, आजी, मावशी, शेजारी अशा प्रत्येकासमोर पुन्हा पुन्हा वदवून घेऊ नये. मुलाचे शब्द जसेच्या तसे तारखेसह लिहून ठेवावेत, त्या दिवशीचे कपडे धुवू नयेत आणि लगेच डॉक्टर व पोलीस यांच्याकडे जावे.

राहिली राग निघण्याची भीती. ती अनाठायी आहे असे मी म्हणणार नाही. म्हणून एकटीने विचारू नका. वर्गातील पाच-सहा पालकांनी मिळून, पालक-शिक्षक संघामार्फत, लेखी प्रश्न द्यावेत आणि लेखी उत्तर मागावे. पत्राखाली अनेक सह्या असल्या की कोणा एका मुलीकडे बोट दाखवता येत नाही.

प्रश्न : आमच्या आश्रमशाळेत सहावीतल्या एका मुलाला प्रार्थनेच्या वेळी फिट आली. कोणी चप्पल हुंगवली, कोणी कांदा फोडून नाकाला लावला, कोणी दातांत चमचा घालायला धावले. मी नवीन शिक्षक असल्याने गप्प राहिलो. योग्य काय होते? (एक शिक्षक, नाशिक जिल्हा)

उत्तर : चप्पल, कांदा आणि मुठीत दिलेली लोखंडी किल्ली यांपैकी कशानेही फिट थांबत नाही. ती बहुतेक वेळा दोन-तीन मिनिटांत आपली आपणच थांबते, आणि तेवढ्या वेळात जो उपाय चालू असतो त्याला श्रेय मिळते. चप्पल हुंगवणे नुसते निरुपयोगी आणि अपमानास्पद आहे; दातांत चमचा घालणे मात्र खरोखर धोक्याचे आहे. त्याने दात तुटतो, तुटलेला तुकडा श्वासनलिकेत जाऊ शकतो आणि घालणाऱ्याचे बोटही चावले जाते. जीभ गिळली जाईल ही समजूत खोटी आहे.

मुलाला फिट येताच पहिले काम घड्याळ पाहण्याचे. मग आजूबाजूची बाके, दगड, कंपासपेट्या दूर करून डोक्याखाली घडी केलेला स्वेटर किंवा दप्तरातला टॉवेल सरकवावा, गळ्याजवळचे बटण सैल करावे आणि शक्य होताच मुलाला कुशीवर वळवावे, म्हणजे तोंडातली लाळ बाहेर ओघळेल. हातपाय दाबून धरू नयेत. पूर्ण शुद्ध येईपर्यंत पाणी, औषध काहीही तोंडात घालू नये. झटके पाच मिनिटांहून अधिक टिकले, थांबून पुन्हा आले, डोक्याला मार लागला किंवा ही त्याची पहिलीच फिट असली, तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. आश्रमशाळा दुर्गम भागात असेल तर रुग्णवाहिका येण्याची वाट पाहत बसण्यापेक्षा जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्राकडे निघणे कधीकधी शहाणपणाचे ठरते; कोणत्या वाहनाने निघायचे हे आधीच ठरवून ठेवलेले बरे.

फिटमध्ये कपड्यांत लघवी होऊ शकते. शंभर मुलांसमोर असे झालेले मूल दुसऱ्या दिवशी शाळेत यायला तयार नसते, आणि माझ्या मते अपस्मारामुळे, म्हणजे फिटच्या आजारामुळे, मुलांचे जे शिक्षण बुडते त्याला आजाराइतकीच ही लाज कारणीभूत असते. एक चादर आणि गणवेशाचा जादा जोड कार्यालयात ठेवावा, बाकीच्या मुलांना रांगेने वर्गात पाठवावे आणि नंतर त्यांना दोन मिनिटांत समजावून सांगावे की हा मेंदूचा आजार आहे, तो स्पर्शाने पसरत नाही आणि औषधाने आटोक्यात राहतो. मुलाची गोळी चालू असेल तर वसतिगृहात ती रोज कोण देते, सुट्टीवरून येताना गोळ्या संपल्या तर कोण आणते, याची नोंद अधीक्षकांकडे असावी. आश्रमशाळेत फिट पुन्हा येण्याचे कारण शोधायला गेले की चुकलेल्या गोळ्या सापडतात, असाच माझा अनुभव आहे.

आपण नवीन होतात म्हणून गप्प राहिलात, हे समजण्यासारखे आहे. पुढच्या शिक्षक सभेत हा विषय काढा आणि आरोग्य केंद्रातील वैद्यकीय अधिकाऱ्यांना एकदा शाळेत बोलावून सर्व कर्मचाऱ्यांसमोर प्रात्यक्षिक घ्या. स्वयंपाकघरातल्या बायांना आणि रात्रीच्या पहारेकऱ्यालाही त्यात बसवा.

प्रश्न : माझी नात पाचवीत आहे. सकाळी भरून दिलेली पाण्याची बाटली संध्याकाळी तशीच परत येते. शाळेत ती लघवीलाही जात नाही आणि घरी येताच दप्तर टाकून न्हाणीघराकडे पळते. गेल्या वर्षी तिला दोनदा लघवीचा जंतुसंसर्ग झाला. तिची आई म्हणते ही सवय आहे, मोडेल. (एक आजोबा, सातारा जिल्हा)

उत्तर : ही सवय नव्हे, हा नातीने काढलेला तोडगा आहे. शाळेचे स्वच्छतागृह वापरण्याजोगे नाही, म्हणून लघवी लागू द्यायची नाही, म्हणून पाणी प्यायचे नाही, असा तिचा हिशोब आहे आणि तो असंख्य मुलींचा आहे. मुलींचा मूत्रमार्ग आखूड असल्याने जंतू मूत्राशयात लवकर पोहोचतात. पाणी कमी आणि लघवी तासन्‌तास अडवलेली, म्हणजे त्यांना वाढायला पूर्ण मोकळीक. बद्धकोष्ठता जडली की त्यात आणखी भर पडते. वर्षात दोनदा संसर्ग झालेला असल्याने बालरोगतज्ज्ञांना दाखवून लघवीची तपासणी आणि गरज वाटल्यास मूत्रपिंडाची सोनोग्राफी करून घ्यावी. थंडी वाजून ताप, कमरेत दुखणे किंवा उलट्या यांपैकी काही असेल तर एक दिवसही थांबू नये.

औषधाने संसर्ग बरा होईल, पण कारण शाळेत आहे. आजोबा, आपण एकदा स्वतः जाऊन, अर्थात एखाद्या शिक्षिकेला सोबत घेऊन, ते स्वच्छतागृह पाहावे. तपासणीला गेल्यावर मी जे पाहत असे ते सांगतो. दाराला आतून कडी आहे का? पुष्कळदा कडी असते, पण तिचे भोक दाराच्या चौकटीशी जुळत नाही आणि एका मैत्रिणीला बाहेर दार धरून उभे राहावे लागते. नळ आतमध्ये आहे का, की पाणी बाहेरच्या टाकीतून डबा भरून आणावे लागते? पाचवीतल्या मुलीच्या हाताला तो डबा झेपतो का? दार बंद केल्यावर आत उजेड राहतो का? आणि सर्वांत आधी, दाराला कुलूप आहे का, नि त्याची किल्ली कोणाकडे आहे? शिक्षकांसाठी राखून ठेवलेले एक स्वच्छ, कुलूपबंद आणि मुलींसाठी एक उघडे पण अस्वच्छ, अशी वाटणी मी अनेक शाळांत पाहिली आहे.

शिक्षण हक्क कायदा २००९ च्या अनुसूचीत मुलामुलींची स्वतंत्र स्वच्छतागृहे आणि सुरक्षित पिण्याचे पाणी ही शाळेच्या किमान निकषांतच धरलेली आहेत. त्याच कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत पालकांचे प्रमाण ७५ टक्के आणि महिलांचे ५० टक्के ठेवले आहे. समितीतल्या मातांनी हा विषय घेतला की तो पुढे सरकतो, हे मी अनुभवाने सांगतो. पुरुष सदस्य बहुधा कमानीच्या आणि स्नेहसंमेलनाच्या खर्चात रमतात. पैशाची सबब पुढे आल्यास ग्रामपंचायतीला वित्त आयोगाकडून मिळणाऱ्या निधीचा बांधील हिस्सा पाणी आणि स्वच्छता यांसाठीच असतो, याची सरपंचांना आठवण करून द्यावी. कडी, बल्ब आणि नळाची तोटी यांच्यासाठी मात्र कोणताही आयोग लागत नाही.

वर्गाचा नियमही तपासावा. ‘मधल्या सुट्टीतच जायचे’ हा नियम शिस्तीसाठी केलेला असतो, पण एकाच वेळी दीडशे मुली आणि दोन शौचकूप अशी स्थिती असेल तर त्याचा अर्थ जायचेच नाही असा होतो. कोणत्याही मुलाला लघवीसाठी नकार द्यायचा नाही, असे मुख्याध्यापकांनी परिपाठात सर्वांसमोर सांगावे. केरळमध्ये २०१९ साली पाणी पिण्यासाठी शाळेत वेगळी घंटा देण्याची पद्धत सुरू झाली आणि ती इतरत्रही पोहोचली. घंटा चांगली आहे, मात्र आधी स्वच्छतागृह, मग घंटा, हा क्रम चुकू नये. हे घडेपर्यंत नातीला घरून निघण्यापूर्वी आणि शाळा सुटताच लघवीला जायला सांगावे, आणि बाटली पूर्ण नाही तरी निम्मी मधल्या सुट्टीपर्यंत संपवायचे तिच्याशी ठरवावे. रागावू मात्र नये.

प्रश्न : व्हॅनवाले काका ओळखीचे आहेत, पैसेही कमी घेतात. पण गाडीत मुले फार असतात. शाळा म्हणते, ‘व्हॅन तुम्ही ठरवली, आमचा संबंध नाही.’ हे बरोबर आहे का? (एक पालक, पिंपरी-चिंचवड)

उत्तर : शाळेला इतके सहज हात झटकता येत नाहीत. महाराष्ट्रात स्कूल बससाठी २०११ मध्ये स्वतंत्र नियम झाले आणि त्यांनुसार प्रत्येक शाळेत मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली परिवहन समिती असावी लागते, ज्यात पालकांचा प्रतिनिधी असतो आणि वाहतूक पोलीस व आरटीओ यांचेही प्रतिनिधी असतात. ही समिती अनेक ठिकाणी फक्त फायलीत असते. तिची मागची बैठक कधी झाली आणि आपला पालक-प्रतिनिधी कोण, एवढे विचारले तरी बरीच हालचाल होते.

काका ओळखीचे असणे ही जमेची बाजू आहे, पण अपघात ओळख पाहत नाही. गाडीची नंबरपाटी पांढरी असेल तर ती खाजगी वापराची गाडी आहे. तिच्यातून भाड्याने मुले नेणे हा परवान्याचा भंग आहे आणि अपघात झाल्यास विम्याची भरपाई अडकू शकते. मागच्या दाराने डोकावून पाहा : गॅसच्या टाकीवर फळी टाकून तिच्यावर मुले बसवली असतील, तर त्या गाडीत आपले मूल बसवू नये, मग पैसे कितीही वाचोत. वाहनाचे योग्यता प्रमाणपत्र, विमा आणि चालकाचा परवाना यांच्या प्रती मागाव्यात. अग्निशामक, प्रथमोपचार पेटी आणि मुलांना उतरवून घेणारा सहायक असावा. सहायकाला अनेक पालक अनावश्यक खर्च समजतात, पण लहान मूल गाडीतून उतरते आणि त्याच गाडीच्या पुढून रस्ता ओलांडते, तेव्हा ते चालकाला दिसत नाही. त्या काही सेकंदांसाठीच सहायक असतो.

स्वतः दुचाकीवरून मुलाला सोडणाऱ्यांसाठी एक वाक्य : चार वर्षांवरील प्रत्येकाला हेल्मेट कायद्याने सक्तीचे आहे, आणि ते मुलाच्या मापाचे हवे. अठरा वर्षांखालच्या मुलाच्या हाती गाडी देणाऱ्या पालकाला मोटार वाहन कायद्याच्या कलम १९९अ खाली तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो, हे दहावी-अकरावीच्या पालकांनी ध्यानात घ्यावे.

प्रश्न : मी शाळा व्यवस्थापन समितीची सदस्य आहे. शालेय पोषण आहाराच्या चव नोंदवहीत रोज ‘उत्तम’ असे लिहिलेले असते, अगदी आहार शिजला नाही त्या दिवशीही. यावर बोलले तर मी किरकोळ गोष्टींत खोट काढते असे म्हणतात. (एक सदस्या, परभणी जिल्हा)

उत्तर : ती नोंद किरकोळ नाही. बिहारमधील सारण जिल्ह्यातल्या गंडामन गावी १६ जुलै २०१३ रोजी शाळेतले जेवण खाऊन २३ मुले दगावली. अन्नात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक सापडले. तेलाचा वास नेहमीसारखा नाही, असे स्वयंपाकिणीच्या लक्षात आले होते, हे नंतर पुढे आले. आधी मोठ्या माणसांनी दोन घास खाऊन पाहायचे आणि मगच वाढायचे, हा नियम कागदाच्या सोयीसाठी केलेला नाही. शिजवलेल्या अन्नात काही वावगे असेल तर ते मुलांच्या ताटात जाण्याआधी कळावे म्हणून केलेला आहे. त्यामुळे एका शिक्षकाने आणि समितीच्या एका सदस्याने वाढण्यापूर्वी खरोखर चव घ्यावी, वेळ लिहून सही करावी, आणि ‘उत्तम’ऐवजी ‘डाळ खारट’, ‘भात कच्चा’ असे जे असेल ते लिहावे. महिनाभर एकच शब्द लिहिलेली वही तपासणी अधिकाऱ्याने पाहताक्षणी परत करायला हवी.

स्वयंपाकीण आणि मदतनीस यांचे म्हणणे ऐकले जाते का, तेही पाहा. तांदळाला बुरशी आहे, तेलाचा डबा वेगळ्या वासाचा आहे, हरभऱ्यात किडे आहेत, हे सर्वांत आधी त्यांना दिसते. ‘आहे ते शिजव’ असे उत्तर मिळत गेले की त्या सांगणे बंद करतात. त्यांना शिजवायला नकार देण्याचा अधिकार आहे असा समितीचा ठरावच करून घ्या. शेतीची औषधे आणि त्यांचे रिकामे डबे शाळेच्या आवारात येता कामा नयेत. आपल्या भागात फवारणीच्या दिवसांत कोठीची खोली कोणाच्या सोयीसाठी वापरली जाते का, याची चौकशी करावी. शिजवलेल्या आहाराचा थोडा नमुना स्वच्छ झाकणाच्या डब्यात दिवसभर राखून ठेवावा, म्हणजे कोणाला उलट्या झाल्याच तर तपासायला काहीतरी हाती राहते.

स्वयंपाकघराची जागाही पाहून ठेवा. तमिळनाडूतील कुंभकोणम येथे २००४ साली, योगायोगाने १६ जुलैलाच, शाळेच्या स्वयंपाकघरातील आग गवताच्या छपराला लागली आणि ९४ मुले गेली. त्यानंतर सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये शाळांसाठी अग्निसुरक्षेचे निकष बंधनकारक केले. सिलिंडर वर्गापासून दूर आणि हवेशीर जागी आहे का, आणि अग्निशामक नळकांड्यावरची मुदत संपलेली नाही ना, एवढे तर आपण उद्याच पाहू शकता.

प्रश्न : मी नववीत आहे. शाळेत दर आठवड्याला निळी गोळी देतात. ती घेतल्यावर पोटात मळमळते आणि शौचाला काळे होते. मैत्रिणी म्हणतात रक्त जळते म्हणून असे होते, त्यामुळे मी गोळी खिडकीबाहेर टाकते. (एक विद्यार्थिनी, चंद्रपूर जिल्हा)

उत्तर : तू मोकळेपणाने लिहिलेस हे छान केलेस. ती गोळी लोह आणि फॉलिक आम्लाची आहे. तिच्यात ६० मिलिग्रॅम लोह असते आणि ती अंगात रक्त कमी पडू नये म्हणून दिली जाते. शौचाचा काळा रंग शरीरात न शोषल्या गेलेल्या लोहामुळे येतो, रक्त जळत नाही. मळमळ बहुधा उपाशीपोटी गोळी घेतल्याने होते. जेवणानंतर अर्ध्या-एक तासाने, भरपूर पाण्याबरोबर घे, आणि आगेमागे चहा घेऊ नकोस, कारण चहामुळे लोह नीट शोषले जात नाही. ताप असेल त्या दिवशी बाईंना सांगून गोळी पुढे ढकल. तुझ्या किंवा भावंडांच्या बाबतीत सिकलसेल किंवा थॅलेसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजारांचे निदान झालेले असेल, तर मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी घेऊ नकोस. तुमच्या भागात सिकलसेलचे रुग्ण आहेत. तपासणी झाली नसेल तर आरोग्य केंद्रात ती करून घे. इतके करूनही त्रास झाला तर गोळी टाकून न देता बाईंना सांग.

प्रश्न : शाळेच्या आवारात कुत्र्याने मुलाला ओरखडले. रक्त फारसे आले नाही म्हणून आम्ही हळद लावून घरी पाठवले. पुढे काय करावे? (एक मुख्याध्यापक, रत्नागिरी जिल्हा)

उत्तर : हे उत्तर छापून येण्याची वाट न पाहता आपल्याला दूरध्वनीवरून कळवले आहेच, इतरांसाठी लिहितो. कुत्र्याच्या चाव्यावर किंवा ओरखड्यावर हळद, चुना, तिखट काहीही लावू नये. वाहत्या पाण्याखाली साबणाने पूर्ण पंधरा मिनिटे जखम धुवावी. हे काम शाळेच्या नळावरच व्हायला हवे, घरी पोहोचेपर्यंत थांबू नये. मग त्याच दिवशी आरोग्य केंद्रात न्यावे. सरकारी केंद्रात त्वचेत देण्याच्या रेबीज प्रतिबंधक लसीचे डोस पहिल्या दिवशी आणि त्यानंतर तिसऱ्या, सातव्या व अठ्ठाविसाव्या दिवशी असतात. रक्त आलेले असेल तर जखमेत वेगळे प्रतिद्रव्यही द्यावे लागते. एकदा रेबीजची लक्षणे दिसू लागली की हा आजार जवळजवळ नेहमीच प्राणघातक ठरतो, म्हणून ‘ओरखडाच आहे’ असे कोणीही स्वतःच्या मनाने ठरवू नये. सर्वोच्च न्यायालयाने ७ नोव्हेंबर २०२५ रोजी शाळांच्या आवारांतून भटकी कुत्री हलवण्याचे आणि आवारांना कुंपण घालण्याचे आदेश दिलेले आहेत. त्यांचा दाखला देऊन ग्रामपंचायतीला पत्र द्यावे. पोषण आहाराचे उरलेले अन्न भिंतीपलीकडे फेकणेही त्याच दिवसापासून थांबवावे.

प्रश्न : आमच्या जिल्हा परिषद शाळेच्या एका खोलीत छताचे पोपडे पडतात. पावसात भिंत ओलीचिंब होते. गुरुजी म्हणतात प्रस्ताव पाठवला आहे. मुले तोवर तिथेच बसतात. (एक पालक, यवतमाळ जिल्हा)

उत्तर : मुलांनी उद्यापासून तिथे बसू नये. राजस्थानातील झालावाड जिल्ह्यात पिपलोदी येथे २५ जुलै २०२५ रोजी सकाळी शाळेचे छत कोसळून सात मुले मरण पावली. वरून खडे पडत असल्याचे मुलांनी सांगितले होते, असे त्या वेळच्या वृत्तांत होते. पोपडे पडणे, सळई उघडी पडून तिच्यावर गंज दिसणे, स्लॅबला तांबूस ओल येणे, भिंतीला तिरकी भेग जाऊन ती रुंदावणे आणि पूर्वी सहज लागणारे दार अडकू लागणे, ही लक्षणे आहेत. रंगरंगोटीने ती झाकली जातात. ‘गळती थांबवली’ असे सांगून वर सिमेंटचा थर चढवला असेल तर छतावरचे ओझे आणखी वाढलेले असते.

प्रस्ताव कसला पाठवला आहे, हे विचारा. दुरुस्तीचा आणि वर्गखोलीच्या निर्लेखनाचा प्रस्ताव यांत फरक आहे. खोली वापरण्यास अयोग्य ठरवून पाडायची असेल तर शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव, मुख्याध्यापकांचे पत्र आणि बांधकाम विभागाच्या अभियंत्याचा पाहणी अहवाल लागतो, आणि हे कागद गटशिक्षणाधिकाऱ्यांमार्फत जिल्हा परिषदेकडे जातात. या वाटेला महिने लागतात. पण खोली बंद करायला महिने लागत नाहीत; तो निर्णय मुख्याध्यापक आणि समिती आजच घेऊ शकतात. समाजमंदिर, ग्रामपंचायतीचे सभागृह किंवा दोन सत्रांत शाळा, यांपैकी काहीतरी गावात जमतेच. बंद केलेल्या खोलीला कुलूप लावावे आणि तिच्या भिंतीलगतची जागाही दोर बांधून अडवावी, कारण मधल्या सुट्टीत मुले सावलीसाठी नेमकी त्याच भिंतीला टेकून डबा खातात. गुरुजींवर राग काढून उपयोग नाही. त्यांनी पत्र पाठवले आहे आणि वरून उत्तर आलेले नाही, अशी स्थिती बहुधा असते.

आपण पालकांनी मिळून गटशिक्षणाधिकारी आणि बांधकाम उपविभाग या दोघांनाही वेगवेगळा अर्ज द्यावा. त्यात खोली क्रमांक, तिथे बसणारा वर्ग आणि पटसंख्या लिहावी, पोपड्यांची तारीख दिसणारी छायाचित्रे जोडावीत, आणि अर्जाची आवक क्रमांक व शिक्का असलेली प्रत मागून घेऊन जपून ठेवावी. तीस दिवसांत उत्तर न आल्यास त्याच आवक क्रमांकाचा उल्लेख करून माहितीच्या अधिकाराखाली पाहणी अहवालाची प्रत मागावी.